घरात दोन सिलिंडर, शेगडीला एक: गॅसजोडणीची सुरक्षित रीत

नवीन घरात बिऱ्हाड मांडले की पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट लक्षात येते: एकच सिलिंडर असलेल्या घरात गॅस नेमका पोळ्या लाटून झाल्यावर, तव्यावर पहिली पोळी टाकताना संपतो, आणि नंबर लावून नवा सिलिंडर येईपर्यंत शेजाऱ्यांकडे हात पसरावा लागतो. म्हणून बहुतेक कुटुंबे लवकरच दुसरा सिलिंडर घेतात. तो घरात आला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. दोन्ही सिलिंडर एकदाच जोडून ठेवले, म्हणजे एक संपला की दुसरा आपला आपण सुरू होईल, असे का करू नये? भांड्यांच्या आणि शेगडी-दुरुस्तीच्या दुकानांतून त्यासाठी पितळी ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचा जोड, सहज मिळतो, आणि तो बसवून देणाराही मिळतो.

या प्रश्नाचे उत्तर गॅस एजन्सीने आपल्या हातात दिलेल्या सामानातच आहे, फक्त ते आपण त्या नजरेने पाहिलेले नसते. डबल सिलिंडरची जोडणी घेताना मिळणारे सबस्क्रिप्शन व्हाउचर काढून बघावे. त्यावर सिलिंडर दोन आणि रेग्युलेटर एक, अशी नोंद असते. कंपनी दोन सिलिंडर देते आणि रेग्युलेटर मात्र एकच देते, कारण घरगुती जोडणीत एका वेळी एकच सिलिंडर शेगडीला जोडलेला असावा आणि दुसरा टोपण लावून बाजूला उभा असावा, अशीच ही सगळी व्यवस्था आखलेली आहे. दोन सिलिंडर सुरक्षितपणे वापरणे म्हणजे रिकामा उतरवून भरलेला चढवणे हे काम नीट करता येणे. ते शिकायला अर्धा तास पुरतो, आणि एकदा हाताला वळण लागले की प्रत्यक्ष कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

सिलिंडरच्या आत काय असते

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो एलपीजी असतो. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे हे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. सिलिंडरची एकूण धारणक्षमता सुमारे 33.3 लिटर असते, पण द्रव तिच्या साधारण चार पंचमांश भागापर्यंतच भरतात. वरची मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण उन्हाने किंवा चुलीच्या धगीने द्रव तापला की तो फुगतो आणि त्याला फुगायला जागा लागते. आपण शेगडीत जाळतो तो या वरच्या जागेत साठलेला वायू असतो. तो वापरला जातो तसतसा खालचा द्रव उकळून नवा वायू तयार होतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे पर्यायाने भोवतालच्या हवेतून, घेतो. बराच वेळ मोठी ज्योत चालू राहिली की सिलिंडरच्या खालच्या अंगाला घाम आल्यासारखे दव दिसते, त्याचे कारण हेच आहे.

सिलिंडरमधील दाब हवामानानुसार कमीजास्त होतो, पण तो साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला 5 ते 7 किलो असतो. शेगडीला हवा असतो तो अवघा 30 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रेग्युलेटर हा दाब जवळजवळ दोनशे पटीने उतरवून देतो, आणि म्हणूनच तो या सगळ्या जोडणीतील सर्वांत जबाबदारीचा भाग आहे. तो कंपनीने अनामत घेऊन दिलेला असतो. बिघडला तर एजन्सीतूनच बदलून घ्यावा, दुकानातून दुसरा विकत आणू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एलपीजीचा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला तर तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, मोरीच्या जाळीत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. हवेत त्याचे प्रमाण साधारण 2 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी मिळताच ते मिश्रण पेट घेते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच स्वयंपाकघरात सुमारे 16 घनमीटर हवा असते. तिच्यात 2 टक्के प्रमाण व्हायला जेमतेम पाऊण किलो एलपीजी पुरतो. शिवाय वायू खोलीभर सारखा न पसरता तळाशी साचत असल्यामुळे, जमिनीलगतच्या थरात धोक्याचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी गळतीत होते.

आपल्याकडे अनेक घरांत देवघर स्वयंपाकघरातच असते आणि समई जमिनीवर तेवत असते. वायू जमिनीलगत पसरतो आणि समईची ज्योतही जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीवर असते, हे ध्यानात घेतले की सिलिंडर बदलण्यापूर्वी समई शांत करणे हा पहिला नियम का असावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘टी’ लावून दोन सिलिंडर जोडणे धोक्याचे का

‘टी’ बसवून देणारे लोक सहसा दुसरा रेग्युलेटर कुठून तरी मिळवतात, दोन्ही रेग्युलेटरच्या नळ्या एका पितळी जोडात घालतात आणि तिथून तिसरी नळी शेगडीला नेतात. हे वरवर सोपे आणि सोयीचे दिसते. त्यात दोष किती आहेत ते क्रमाने पाहावे.

एका नळीच्या जोडणीत नळी फक्त दोन ठिकाणी जोडलेली असते, रेग्युलेटरपाशी आणि शेगडीपाशी. ‘टी’ आला की तीन नळ्या होतात आणि त्यांच्या टोकांचे सहा जोड होतात. त्यातले तीन तर ओट्याखाली, डोळ्याआड, जमिनीलगत असतात. गळती होते ती बहुतेक वेळा जोडाच्या ठिकाणीच. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एक सिलिंडर संपल्यावर त्याचा रेग्युलेटर काढला, पण दुसऱ्या सिलिंडरचा रेग्युलेटर चालूच राहिला, तर दुसऱ्याचा वायू ‘टी’मधून उलटा फिरून या मोकळ्या रेग्युलेटरच्या तोंडापर्यंत येतो. घरगुती रेग्युलेटर उलट दिशेने येणारा वायू अडवण्यासाठी बनवलेला नसतो. घाईत असलेल्या माणसाला वाटते, सिलिंडर तर रिकामा आहे, वास येतो तो उरलासुरला असेल.

आमच्या घरी हे एकदा घडलेले आहे. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी पुरण शिजत असताना गॅस पुरणार नाही या धास्तीने वडिलांनी एका दुकानदाराकडून असा ‘टी’ बसवून घेतला होता. संध्याकाळी एक सिलिंडर संपला तेव्हा काकांनी त्याचा रेग्युलेटर उचलून बाजूला ठेवला आणि ते दुसऱ्या खोलीत पाना शोधायला गेले. दारात बसून फुले निवडणाऱ्या आजीला वास आला. तिने आधी पदराने समई मालवली, मग जागेवरून न हलता ‘शेगडीचे आणि दोन्ही सिलिंडरचे बंद करा’ असे ओरडून सांगितले. काही झाले नाही. पण जमिनीवर ठेवलेल्या त्या रेग्युलेटरच्या तोंडाशी मी हात नेला, तेव्हा बोटांना लागलेली थंडगार झुळूक मला अजून आठवते. दुसऱ्या दिवशी तो ‘टी’ काढून टाकला आणि गौरी एका सिलिंडरवर जेवल्या.

हा धोका पत्करून हाती काही पडते का, तर तेही नाही. दोन रेग्युलेटर अगदी एकाच दाबाचे कधीच नसतात. ज्याचा दाब किंचित जास्त, त्याचाच सिलिंडर आधी रिकामा होतो आणि दुसरा नंतर लागतो. ज्योत मोठी होत नाही, गॅस वाचत नाही. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण ज्योतीवरही ताशी साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस घेतो, आणि दोन-तीन बर्नर एकदम चालले तरी तेवढा वायू एक सिलिंडर सहज पुरवतो.

काही ठिकाणी याहून वाईट प्रकार पाहायला मिळतो: रेग्युलेटरच्या आधीच, म्हणजे पूर्ण दाबाच्या बाजूला, दोन सिलिंडर एकमेकांना नळीने जोडलेले असतात. त्यांच्यामध्ये एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप नसेल, तर उन्हातल्या गरम सिलिंडरमधील वायू सावलीतल्या थंड सिलिंडरमध्ये जाऊन तिथे पुन्हा द्रव होतो. थंड सिलिंडर मर्यादेपेक्षा जास्त भरतो, फुगण्यासाठी राखलेली जागा संपते, आणि पुढे तो तापला तर काय होईल याचा विचारही नकोसा वाटतो. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढणे कायद्याने गुन्हा आहे. ही जोडणी नकळत तेच करत असते.

जागेची निवड

वापरातला सिलिंडर ओट्याच्या शेजारी किंवा ओट्याखाली, सपाट जमिनीवर, नेहमी उभा असावा. आडवा केला तर वायूऐवजी द्रव नळीत येतो, रेग्युलेटरला तो आवरत नाही आणि शेगडीवर भडका उडतो. संपत आलेल्या सिलिंडरमधून शेवटचा गॅस काढण्यासाठी त्याला आडवे पाडणे, हलवणे किंवा गरम पाण्याच्या परातीत उभे करणे ही सवय आपल्याकडे जुनी आहे. ती आजच सोडावी. त्यातून मिळतो एका चहापुरता गॅस.

शेगडी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा उंच असावी. जमिनीवर बसून स्वयंपाक करण्याची सवय असलेल्या घरांतही शेगडीसाठी कडाप्प्याचा किंवा विटांचा उंच कट्टा करून घ्यावा आणि सिलिंडर त्या कट्ट्याच्या खालच्या पातळीवर ठेवावा. नव्या मॉड्युलर स्वयंपाकघरांत सिलिंडर बंद कपाटात जातो. तसे असेल तर कपाटाच्या दाराला तळाशी आणि वर, दोन्हीकडे हवा जाण्यासाठी भोके किंवा जाळी हवी. तळाची जाळी अधिक महत्त्वाची, कारण गळलेला वायू तिथूनच बाहेर पडू शकतो. शोभेसाठी ती बुजवून टाकणाऱ्या सुताराला स्पष्ट नकार द्यावा.

राखीव सिलिंडरसाठी ड्राय बाल्कनी ही बहुतेक सदनिकांत सर्वांत चांगली जागा असते, पण तिथे वॉशिंग मशीन, गीझर किंवा पाण्याचा बंब असेल तर सिलिंडर त्याच्या शेजारी टेकवून ठेवू नये. थेट ऊन लागू देऊ नये आणि मोरीच्या जाळीपासून निदान एक मीटर तरी अंतर राखावे. तळघर, जिन्याखालची बंदिस्त जागा, पलंगाचा खालचा कप्पा या जागा पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात दोन्ही सिलिंडर एकाच खोलीत ठेवावे लागतात, याची मला कल्पना आहे. अशा वेळी राखीव सिलिंडर शेगडीच्या विरुद्ध कोपऱ्यात, टोपण घट्ट लावून, झोपण्याच्या अंथरुणापासून दूर ठेवावा आणि रात्री खिडकीची एक फट तरी उघडी राहील असे पाहावे.

सिलिंडर ताब्यात घेताना

सुरक्षित जोडणीची सुरुवात दारातच होते. डिलिव्हरीवाला सिलिंडर खाली ठेवतो तेव्हा आधी तोंडावरचे सील आणि सुरक्षा टोपण शाबूत आहे का ते पाहावे. मग वजन करायला सांगावे. वजनकाटा बरोबर ठेवणे हे त्याचे कामच आहे, त्यात संकोच करण्याचे कारण नाही. सिलिंडरच्या गळ्याभोवतीच्या उभ्या पट्ट्यांवर रिकाम्या सिलिंडरचे वजन लिहिलेले असते. समजा ते 15.8 किलो असेल, तर त्यात 14.2 किलो मिळवून भरलेला सिलिंडर 30 किलो भरला पाहिजे.

याच पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी 28’ असे लिहिले असेल, तर तो सिलिंडर जून 2028 अखेरपर्यंत वापरण्याजोगा आहे. मुदत उलटलेला सिलिंडर परत द्यावा. टोपण काढून आतल्या खोबणीत काळा रबरी वायसर आहे ना, हेही डिलिव्हरीवाल्यासमोरच पाहून घ्यावे. तो नसेल किंवा चिरलेला असेल, तर रेग्युलेटर कितीही नीट बसवला तरी गॅस गळणारच. राखीव म्हणून ठेवायचा सिलिंडरही घेतानाच तपासावा. महिन्याभराने रात्री अकरा वाजता तो उघडल्यावर वायसर नसल्याचे कळणे फार गैरसोयीचे असते.

नळीबद्दलही इथेच सांगणे योग्य ठरेल. केशरी रंगाची, आत पोलादी तारेचे जाळे असलेली आयएसआय चिन्हाची ‘सुरक्षा’ नळी एजन्सीतून मिळते, तीच वापरावी. जुन्या हिरव्या रबरी नळ्या उंदीर सहज कुरतडतात आणि उष्णतेने त्यांना बारीक भेगा पडतात. सुरक्षा नळीचे आयुष्य पाच वर्षांचे असते आणि मुदत तिच्यावरच छापलेली असते. लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी. नळी पुरत नसेल तर सिलिंडर जवळ आणावा, दोन नळ्या सांधू नयेत. नळीचा प्रत्येक इंच डोळ्यांना दिसला पाहिजे, म्हणून ती भिंतीतून किंवा फरशीखालून नेऊ नये, तिच्यावर कापडी खोळ चढवू नये आणि शेगडीच्या खालून तापेल अशी ओढू नये.

सिलिंडर बदलण्याची रीत

आधी शेगडीची सर्व बटणे बंद करावीत. समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, जे काही पेटते असेल ते शांत करावे. स्वयंपाकघराची खिडकी आणि दार उघडावे. दिवा किंवा पंखा चालू असेल तर चालू राहू द्यावा आणि बंद असेल तर बंद. काम पुरे होईपर्यंत कोणतेही बटण दाबू नये. हे काम दिवसाउजेडी करणे उत्तम. लहान मुलांना बाहेरच्या खोलीत पाठवावे.

रिकाम्या सिलिंडरवरील रेग्युलेटरची खुंटी ‘बंद’ खुणेवर फिरवावी. मग रेग्युलेटरच्या खालच्या अंगाला असलेली काळी प्लास्टिकची कडी दोन बोटांनी वर उचलावी आणि तशीच धरून रेग्युलेटर सरळ वर ओढावा. तो हलकेच सुटतो. सुटत नसेल तर खुंटी पूर्ण बंद झालेली नाही असे समजावे आणि पान्याने किंवा बत्त्याने ठोकू नये. रेग्युलेटर निघताच सिलिंडरची स्प्रिंगची झडप आपोआप मिटते, तरीही रिकाम्या सिलिंडरला त्याचे टोपण लगेच लावावे. रिकामा म्हणतो त्या सिलिंडरमध्येही थोडा गॅस उरलेलाच असतो. रेग्युलेटर जमिनीवर न ठेवता ओट्यावर कोरड्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे त्याच्या तोंडात धूळ किंवा पिठाचा कण जाणार नाही.

भरलेला सिलिंडर जागेवर आणताना तो फरशीवर गडगडत आणू नये. कडेवर तिरका करून सावकाश फिरवत आणावा किंवा चाकांच्या बैठकीवरून सरकवावा. जागेवर सरळ उभा राहिला की टोपण दाबून धरावे, दोरी ओढावी आणि टोपण वर उचलावे. दोरी तोडू नये. ते टोपण पुढे कधी झडप गळू लागली तर तीवर तातडीने बसवण्यासाठी लागते आणि म्हणूनच ते सिलिंडरला बांधलेले असते. आता झडपेजवळ कान नेऊन ऐकावे आणि वास घ्यावा. सूं असा आवाज येत असेल तर टोपण परत लावून तो सिलिंडर उघड्यावर नेऊन ठेवावा आणि एजन्सीला कळवावे. आवाज नसेल तर करंगळीचे टोक आत घालून वायसर जागेवर आहे का ते चाचपावे.

रेग्युलेटरची खुंटी ‘बंद’वरच आहे याची पुन्हा खात्री करावी. काळी कडी वर उचलून धरावी, रेग्युलेटर झडपेवर सरळ बसवावा, किंचित डावी-उजवीकडे हलवत खाली दाबावा आणि दाबलेल्या अवस्थेतच कडी सोडावी. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आल्यावर कडी न उचलता रेग्युलेटर वर ओढून पाहावा. तो हलता कामा नये. नवशिक्यांची चूक होते ती इथेच. रेग्युलेटर तिरका बसतो, खुंटी अर्धवट फिरते, आणि गॅस शेगडीपर्यंत कमी आणि वायसरच्या कडेने जास्त जातो. खुंटी फिरवताना जोर लावावा लागत असेल तर रेग्युलेटर काढून पुन्हा बसवावा.

खुंटी ‘चालू’ केल्यावर लगेच शेगडी पेटवू नये. वाटीत थोडे पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन फेस करावा आणि रेग्युलेटर जिथे झडपेवर बसतो तिथे, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या बटणांच्या मागे तो बोटाने किंवा रंगाच्या जुन्या ब्रशने लावावा. अर्धा मिनिट टक लावून पाहावे. गळती असेल तर बारीक बुडबुडा फुगतो, फुटतो आणि त्याच जागी पुन्हा येतो. काडी पेटवून गळती शोधू नये, हे सांगण्याची वेळ यावी असे वाटत नाही, पण अजूनही घरोघरी तसे करणारी माणसे भेटतात. बुडबुडा नसेल तर फेस ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, आधी लायटर किंवा काडी आणि मग बटण या क्रमाने शेगडी पेटवावी, आणि ज्योत निळी आहे का ते पाहावे.

राखीव सिलिंडर लावला त्याच दिवशी नंबर लावावा. मधल्या काळात किती गॅस उरला आहे हे पाहायचे असेल तर सिलिंडरवरून ओले फडके फिरवून मिनिटभर थांबावे. द्रव आहे तेवढा भाग उशिरा वाळतो आणि पातळीची रेघ दिसते.

दोन सिलिंडर खरोखर एकत्र जोडायचे असतील तर

घरगुती गरजेला हे लागत नाही. पण घरातून डबे देणाऱ्या, पोळी-भाजीचा किंवा फराळाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना मोठ्या भट्ट्या तासन्‌तास चालवाव्या लागतात आणि तिथे एका सिलिंडरमधून वायू पुरेशा वेगाने तयार होत नाही. पत्र्यावर दव आणि मग पांढरे हिव धरते आणि ज्योत खाली बसते. अशा ठिकाणी प्रथम लक्षात घ्यायचे ते हे, की व्यवसायासाठी घरगुती सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे. त्यासाठी एजन्सीकडून 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची वेगळी जोडणी घ्यावी लागते.

त्यांची एकत्र जोडणी मॅनिफोल्ड पद्धतीने होते. सिलिंडर स्वयंपाकघराबाहेर, हवेशीर आणि आडोशाच्या जागी, जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्यापेक्षा उंच चौथऱ्यावर उभे असतात. प्रत्येक सिलिंडरपासून उच्च दाब सोसणारी छोटी नळी मुख्य धातूच्या नळापर्यंत जाते. प्रत्येक जोडावर उलटा वायू अडवणारी झडप आणि स्वतंत्र बंद करण्याची झडप असते, त्यामुळे एक सिलिंडर काढला तरी दुसऱ्याचा गॅस मोकळ्या तोंडातून येत नाही. घरगुती ‘टी’मध्ये नेमकी हीच गोष्ट नसते. निम्मे सिलिंडर चालू आणि निम्मे राखीव ठेवतात, मुख्य नळावर दाब उतरवणारा रेग्युलेटर असतो, आणि पुढची वाहिनी उघड्या भिंतीवरून भट्टीपर्यंत जाते. व्यावसायिक जागेतील अशा जोडणीसाठी भारतीय मानक 6044 आहे. एकूण एलपीजीचा साठा 100 किलोपर्यंत असेल तर साठवणुकीचा स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. काम एजन्सीमार्फत प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे, वाहिनीची दाबचाचणी आपल्यासमोर करायला लावावी आणि तिचा कागद जपून ठेवावा.

मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे पाइपचा गॅस येतो, त्यांनी त्याच शेगडीला अडीनडीला सिलिंडर जोडण्याचा विचार करू नये. पाइपमधला नैसर्गिक वायू वेगळा, त्याचा दाब वेगळा, आणि त्यासाठी शेगडीच्या जेटची भोके मोठी केलेली असतात. त्याच जेटमधून एलपीजी सोडला तर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्वाळा भांड्याच्या वर येतात.

गॅसचा वास आला तर

प्रथम शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा. पेटते काही असेल ते विझवावे. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, पंखा आणि चिमणी लावू नये, फ्रिजचे दार उघडू नये, आणि मोबाइलही घराबाहेर गेल्यावरच वापरावा. मीटर बाहेर जिन्यात असेल तर मुख्य स्विच तिथून बंद करता येतो. शक्य असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे आणि तो गच्चीत किंवा अंगणात न्यावा. वास फार तीव्र असेल तर त्या भानगडीत न पडता सर्वांना घेऊन बाहेर पडावे. बाहेरून 1906 या क्रमांकावर फोन करावा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आग लागलेली असेल तर 101 किंवा 112.

जमिनीलगतचा वायू खिडकी उघडल्याने लगेच जात नाही, म्हणून दार उघडे ठेवून सुपाने किंवा पुठ्ठ्याने जमिनीजवळून बाहेरच्या दिशेला वारा घालावा. मेकॅनिक येऊन गळती शोधेपर्यंत, वास गेला असला तरी, तो सिलिंडर पुन्हा जोडू नये आणि राखीव सिलिंडरही त्याच रेग्युलेटरने लावून पाहू नये, कारण दोष झडपेचा आहे की रेग्युलेटरचा हे अजून कळलेले नसते. तोवर त्या वेळचा स्वयंपाक शेजारी करावा. इंडक्शनची शेगडी घरात असली तरी ती वायू साचलेल्या खोलीत न लावता दुसऱ्या, मोकळ्या हवेच्या खोलीत न्यावी.